रक्तसाठ्याच्या खोलीतले जावईबापू मुळासकट काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
कॉम्प्युटर विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय: रक्तसाठ्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं सुरक्षा सॉफ्टवेअर पूर्ण काढण्यासाठी पासवर्ड मिळणेबाबत. मंगळवारी सकाळी नऊच्या आत.

संदर्भ: १) सदर खोलीच्या अक्काचे आधीचे तीन अर्ज. २) त्याला आपली आलेली तीन उत्तरं.

महोदय,

आधी दार लोटून घ्या आणि खुर्ची पुढे ओढून बसा. जे सांगणार आहे ते फार लांबलचक नाही, पण मधेच चहाला उठलात तर धागा सुटेल, आणि या गोष्टीचा धागा सुटला तर एक माणूस जाईल. मी रक्ताच्या गाडीचा ड्रायव्हर. शाळेशी माझं फार जमलं नाही, त्यामुळे सरकारी भाषा कुठे वाकडी गेली तर सांभाळून घ्या. अर्ज खरं तर अक्काने करायचा, पण आपला नियम असा की जो कॉम्प्युटर वापरतो त्याने अर्ज कॉम्प्युटरवरूनच करावा, कागद घेतला जाणार नाही. मी गाडी वापरतो. मला तो नियम लागत नाही, म्हणून मी कागदावर लिहितोय.

१. अक्का म्हणजे रक्तसाठ्याच्या खोलीची बाई. पंचावन्न वय, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने जोडलेली, आवाज असा की कॉरिडॉरच्या पार टोकाला असलेला वॉर्डबॉय हातातला ट्रे सरळ धरतो. एकवीस वर्षं ती त्या खोलीत आहे. खोलीत दोन मोठे फ्रिज, एक टेबल, एक कॉम्प्युटर, खिडकी नाही. रक्त दोन ते सहा डिग्रीत ठेवायचं असतं. त्याच्या वर तापलं की ते वाया, आणि वाया गेलेलं रक्त बघून ओळखू येतंच असं नाही, एवढं साहेबांनी ध्यानात ठेवावं. पूर्वी अक्का दर दोन तासांनी फ्रिजचं तापमान वहीत लिहायची. मग कॉम्प्युटर आला. फ्रिजमधून त्याला तार जोडली, त्यात भोंग्याचा प्रोग्राम बसवला. फ्रिज तापला की खोलीत भोंगा वाजणार आणि अक्काच्या फोनवर घंटी जाणार. फ्रिजच्या दारांना कार्डाची कुलपं बसली, तीही याच कॉम्प्युटरवर चालणारी. वही बंद करा आणि दारांच्या जुन्या चाव्या जमा करा, असा कागद आपल्याकडूनच आला होता. चाव्या आम्ही दिल्या. पावती आहे.

२. चार महिन्यांपूर्वी आपण हे सुरक्षा सॉफ्टवेअर धाडलं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, एका सकाळी ते आलेलं होतं. कोपऱ्यात ठाण मांडून बसलं, त्याच्या परवानगीशिवाय काही उघडायचं नाही, रोज त्याला काहीतरी हवं असणार, आणि जाणार कधी हे विचारायची सोय नाही. अक्काने त्याचं नाव ठेवलं जावईबापू. आम्ही खूप हसलो. रोज सकाळी मी पेट्या घेऊन आत गेलो की विचारायचो, जावयांचा मूड कसा आहे आज. अक्का म्हणायची, रुसलेत. आता ते नाव कोणी घेत नाही. कोणी घेतलंच तर अक्का पडद्याकडे अशी बघते, जणू तिकडून ओ येणार आहे.

३. आता चूक सांगतो, म्हणजे साहेबांना वाटायला नको की हा माणूस आपल्या माणसांचं झाकून ठेवतो. त्या खोलीची एक रीत आहे. यंत्राने काही विचारलं की हो दाबायचं आणि कामाला लागायचं. कारण नाही दाबलं की आणखी सतरा प्रश्न येतात, आणि तोवर ऑपरेशनवाले दारात येऊन पाय आपटत असतात. ही रीत अक्कानेच घातली. नवीन बाई आली की तिला पहिल्या दिवशी हेच सांगायची, विचारलं की हो म्हण आणि रक्त दे. तर एका सकाळी त्याने विचारलं की तुमच्या इथे एक प्रोग्राम माणूस नसतानाही जागा असतो, दर मिनिटाला बाहेर निरोप धाडायला बघतो, संशय येतो, अडकवू का? अक्काच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेन. तिने मनगटाने माउस सरकवला आणि हो दाबलं. तो भोंगा होता. माणूस नसताना जागं राहणं आणि निरोप धाडणं, एवढंच काम त्याला दिलेलं होतं, साहेब. अडकला, आणि आम्हाला पत्ता नाही. कारण भोंगा वाजला तर कळतं, वाजत नाही हे कसं कळणार?

४. नंतरच्या रविवारी दुपारी पहिल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. भोंगा गप्प, फोन गप्प. त्या दिवसापुरती आलेली बाई शेजारच्या खोलीत लेबलं लिहीत होती. संध्याकाळी अक्का आपली विसरलेली छत्री न्यायला म्हणून सहज आली, आणि फ्रिजला हात लावताच थांबली. आत अकरा डिग्री. त्या फ्रिजमधला सगळा साठा जाळायला गेला. त्यात पाववाल्याच्या सुनेसाठी राखलेल्या पिशव्याही गेल्या. हा पाववाला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतला. त्याच्या सुनेचं रक्त फार थोड्या लोकांत सापडतं अशा जातीचं आहे, आणि तिचं बाळंतपण पोट उघडूनच करायचं ठरलंय. मी गाडी काढली. तीन गावांत तीन माणसं शोधली, एकाला तर शेतातून आणला, आणि तीन पिशव्या घेऊन आलो. त्या आता दुसऱ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहेत. चौथी मिळणार नाही, मी फिरून आलोय.

त्या रविवारपासून अक्का नीट घरी गेलेली नाही. वहीवर बंदी म्हणून फ्रिजच्या काचेतून आतला जुना थर्मामीटर बघून कॅलेंडरच्या पाठीवर दर अर्ध्या तासाने तापमान लिहिते. तिचा नवरा डबा आणून देतो आणि दारातूनच परत जातो. मी म्हटलं, अक्का, चूक सगळ्यांची आहे. ती म्हणाली, "हो मी म्हटलंय. माझ्या हाताने म्हटलंय."

५. सदर सॉफ्टवेअर काढायचे जे प्रयत्न झाले ते असे. पहिल्यांदा अक्काने भोंगा नुसता सोडवून बघितला. अडकवलेल्यांची यादी असते, तिथे सोडा असं बटण आहे. ते पासवर्ड मागतं. अडकवायला कोणाची परवानगी लागत नाही, सोडवायला लागते. मग मी समोर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दाढीवाल्याला बोलावलं. माणूस कामाचा. त्याने प्रोग्रामच्या यादीत जाऊन अनइन्स्टॉल केलं, पासवर्ड मागितला. टास्क मॅनेजरमधून बंद केलं, दोन सेकंदांत पुन्हा चालू. फोल्डर पुसायला गेला तर तुम्हाला अधिकार नाही म्हणे. मग त्याने इंटरनेटची तार काढली आणि विंडोज सेफ मोडमध्ये चालू केलं. ते म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायचं आणि बाकी सगळं काढून ठेवायचं, असं मला समजलं. तिथे कंपनीचंच काढायचं हत्यार वापरून त्याला उपटलं, रजिस्ट्रीत उरलेली मुळं एकेक शोधून काढली, पुन्हा चालू केलं. कोपरा मोकळा. भोंग्याच्या तारेचं टोक मुठीत धरून तापवलं, आणि साहेब, भोंगा वाजला. अक्काने लगेच कॅलेंडरवर वेळ लिहून घेतली. वॉर्डातून नर्स धावत आली, काय झालं म्हणून. दाढीवाला म्हणाला काही नाही सिस्टर, पाहुणे गेले.

चाळीस मिनिटं गेली. मग ऑपरेशनला पिशवी हवी झाली. आणि फ्रिजच्या दाराचं कुलूप असं आहे की मुख्य कार्यालयाकडे जाणारी ती इंटरनेटची तार जोडलेली असली तरच उघडतं, नाहीतर नोंद होत नाही म्हणून बंदच राहतं. वीज गेली तरी बंदच राहतं. तार जोडली, दार उघडलं, पिशवी दिली, आणि मागे वळून बघतो तर ते कोपऱ्यात परत बसलेलं. भोंगा पुन्हा आत. या खेपेला त्याने प्रिंटरही अडकवला. दुसऱ्या दिवशी दाढीवाल्याने डिस्क पुसून सगळं नव्याने बसवलं. तार जोडली, आलं. या खेपेला फ्रिजचं तापमान पडद्यावर दिसायचं तेही बंद झालं. तो हत्यारं आवरायला लागला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, हे काढता येतं. पण परत पाठवणारा तिकडे बसलाय. तो माणूस असेल तर त्याला सांगा. माणूस नसेल तर मला पुन्हा बोलावू नका."

मी म्हणून आपल्याला सांगतोय.

६. आपली उत्तरं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की अर्ज वेबसाइटवरून करा. केला असता, पण सदर सॉफ्टवेअर आपलीच वेबसाइट धोकादायक म्हणून उघडू देत नाही. अक्काने तसं दुसऱ्या अर्जात लिहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून. उत्तर आलं की आमच्या पडद्यावर तुमची खोली हिरवी दिसते, सर्व सुरक्षित आहे, तक्रार निकाली काढली. साहेब, ज्या दिवशी जळायला जाणाऱ्या पिशव्यांनी माझी गाडी भरली होती, त्या दिवशीही आम्ही हिरवेच होतो. मी विचारून घेतलं. तिसऱ्या अर्जाला उत्तर म्हणून नोटीस आली. अक्काने सुरक्षा हटवायचा तीन वेळा प्रयत्न केल्याचं त्या सॉफ्टवेअरनेच आपल्याला कळवलंय, म्हणून तिची चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत तिच्या कार्डावर फ्रिज उघडणार नाही. आता तीन पाळ्यांत दोनच बायकांची कार्डं चालतात. अक्काला आपल्याच फ्रिजपुढे स्टूल टाकून बसावं लागतं, पाव्हण्यासारखं. आपल्या इथे फोन केला तर एक भला माणूस बोलला. तो म्हणाला पासवर्ड ठेवणारे साहेब बदलून गेले, पण पासवर्ड कपाटातल्या लिफाफ्यात आहे, वरून हुकूम आला की देतो. तो वर म्हणजे आपण.

७. आता आजचं. गेल्या सोमवारपासून रोज सकाळी नऊला पडद्यावर एक चौकोन येतो. आणखी एक अनोळखी प्रोग्राम सापडला आहे, दारं उघडतो आणि बंद करतो, अडकवायचा आहे. खाली दोन बटणं आहेत, आत्ता आणि नंतर. नाही असं बटणच नाही. तो प्रोग्राम म्हणजे फ्रिजच्या दारांची कुलपं. नंतर दाबलं की एक दिवस मिळतो, आणि आठ वेळाच दाबता येतं, खाली आकडा उतरत जातो. अक्का कोणाला माउसला हात लावू देत नाही. ज्या बाईने सगळ्यांना हो शिकवलं ती आता पावणेनऊपासून बोट उचलून बसते, चौकोन आला की दोनदा वाचते आणि मगच दाबते. आज शनिवार. आजचं दाबून झालं. दोन उरलेत. मंगळवारी नऊला दारं बंद होतील.

पाववाल्याच्या सुनेचं ऑपरेशन मंगळवारी अकराला आहे.

साहेब विचारतील पिशव्या आधीच बाहेर का काढत नाही. काढून ठेवू कशात? पहिला फ्रिज अजून मेलेलाच आहे. माझ्या गाडीतल्या पेट्या चार तास थंड राहतात, आणि ऑपरेशन लांबलं, पुढे गेलं, रात्री पुन्हा रक्त लागलं, तर? बाकीच्या कप्प्यांतलं रक्त आणखी कोणाकोणाचं आहे, त्यांचं काय? दार फोडायचंही मी मनाशी ठरवून बघितलं. पहार गाडीत आहे. पण फोडलेलं दार परत लागत नाही, आणि उघड्या फ्रिजात रक्त राहत नाही. ऑपरेशन पुढे ढकला म्हटलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, मूल थांबेल का ते मुलाला विचारा.

पाववाल्याला यातलं काही माहीत नाही. काल तो गरम पाव घेऊन आला, अक्काला म्हणाला आमच्या पिशव्या नीट आहेत ना. अक्का म्हणाली आहेत. खरंच आहेत. तिने त्याला काचेतून दाखवल्या, खालच्या कप्प्यात, तिन्ही. तो बघत उभा राहिला आणि ती त्याच्याकडे न बघता कॅलेंडरवर चार डिग्री लिहीत बसली.

तरी मेहेरबान साहेबांनी मंगळवारी नऊच्या आत सदर सॉफ्टवेअरचा पासवर्ड द्यावा, आणि ते तिकडून परत पाठवणं थांबवावं. एवढं होत नसेल तर आमच्या चाव्या परत द्याव्यात. त्याही सापडत नसतील तर निदान एकदा आमच्या खोलीत येऊन स्टुलावर बसावं. अक्कावरची चौकशी नंतर जरूर करा, ती कुठे पळत नाही, ती त्या खोलीतून हललेलीच नाही. मी हा अर्ज टपालात टाकणार नाही, स्वतः घेऊन येतोय. उत्तर मिळेपर्यंत आपल्या दाराबाहेर गाडीत बसून आहे. पेट्यांत बर्फ भरून आणलाय.

आपल्या हुकुमाची वाट बघणारा,
रक्ताच्या गाडीचा ड्रायव्हर
(सही)
शनिवार, दुपारी दोन

सोबत:
१) चाव्या जमा केल्याची पावती.
२) कॅलेंडरची पाठ, एकोणीस दिवसांचं तापमान. त्या रविवारच्या रकान्यात काही नाही.
३) पडद्यावरच्या चौकोनाचा फोटो. खालचा आकडा बघावा.
४) एक कोरा कागद आणि एक पेन. पेन चालतं, मी लिहून बघितलंय. पासवर्ड या कागदावर लिहा, घडी घाला, आणि खाली माझ्या हातात द्या.