बोरिंगचं पहिलं पाणी

आई, बाबांच्या त्या बोरिंगबद्दल आपण दोघी पुढे कधीच बोललो नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी पाण्याचा पेला पुढे केला की मधूनच ती खळवाडी डोळ्यांसमोर येते आणि मान खाली जाते.

आपण तेव्हा अकोल्याला होतो. पूर्णेच्या काठच्या गावांत विहिरींचं पाणी खारट का, आणि खोलवर कुठे गोडं पाणी लागतं का, हे शोधायचं काम बाबांकडे होतं. घरात जिकडेतिकडे पाण्याच्या बाटल्या आणि काळ्या मातीच्या पुरचुंड्या. तू अंजनगाव सुर्जीच्या मळ्यात वाढलेली. त्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हे ऐकून तू बाबांना विचारलं होतंस, मंग त्या बाया वरण कायचं करतेत?

त्यांतल्या एका गावात बोरिंगसाठी खळवाडीतली जागा त्यांनीच ठरवली. खारा थर ओलांडला की गोडं पाणी लागेल, असं चावडीवर सांगितलंही. पंप बसला त्या दिवशी आपल्याला जीपमधून नेलं. बायांनी पंपाला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला गडवा साहेबांच्या बाईनंच घ्यावा म्हणून तुझ्या हाती दिला. तू पितेस. मी तुझा पदर धरून उभी आहे, म्हणून घोट घशाशी अडलेला मला दिसतो. तू बाबांकडे बघतेस. ते पंपाच्या दांड्यावर हात ठेवून तुझ्या तोंडाकडे बघताहेत. आणि तू म्हणतेस, "गोड हाय."

बाया हसल्या, पुढे सरकल्या. तुझ्यानंतर एका म्हातारीनं ओंजळ धरली. घोट घेतला, तोंड पुसलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "बाई, पानी खारटच हाय. तुमी कावून खोटं बोलल्या?"

मी तुझा पदर सोडला. बाबांनी स्वतः चाखून पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पाणी खारट आहे, अंदाज माझाच चुकला. घरी तू म्हणालीस, तुमची मान खाली जाऊ नये म्हणून बोलली मी. ते म्हणाले, "बोरिंग चुकलं तं दुसरं घेता येते. आता त्या बाया माह्या कोन्या बोलण्यावर भरोसा ठेवतीन?" तू चुलीपुढे बसून राहिलीस. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही.

पुढच्या खेपेला तू हट्टानं त्यांच्याबरोबर गेलीस, मलाही नेलंस. म्हातारीच्या दारात उभी राहून "माह्यं चुकलं" म्हणालीस. तिनं आपल्याला आत बसवलं आणि चहा ठेवला. तिची सून नदीच्या वाळूत झिरा उकरून ते पाणी डोक्यावर आणायची, माठात तळाशी उरलं होतं तेवढंच तिनं चहाला घेतलं. तुझ्यानं कप उचलवेना. म्हातारी म्हणाली, "घ्या बाई, हे खरंच गोड हाय." तू रडलीस, आणि रडत रडतच चहा प्यालीस.

दुसरं बोरिंगही खारटच निघालं. त्या वेळी बायांनी आधी चाखलं, बाबांना खरं ते सांगितलं आणि पुन्हा नदीच्या वाटेला लागल्या. मग आपली बदली अमरावतीला झाली. राजापेठेतल्या घरात नळ होता. तू तो कधी नुसता वाहू दिला नाहीस.

मी भूगोल शिकवायला लागले. खारपाणपट्ट्याचा धडा आला की वर्गात ही गोष्ट सांगायचे. साहेब म्हणजे माझे वडील, हे आवर्जून सांगायचे. त्यांनी चूक कबूल केली तिथे माझा आवाज भरून यायचा. गोष्ट तिथेच संपवायचे. म्हातारीच्या घरचा चहा मी कुणालाच सांगितला नाही, कारण मग तुझं नातं सांगावं लागलं असतं. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, बाई, ती खोटं बोलणारी कोण होती? मी फळा पुसत म्हणाले, असेल गावातली कुणीतरी.