बुचांची रांग

चि. चिमणे, अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे, जेवतोही वेळेवर.

दिवसभर सूक्ष्मदर्शकातून मेंदूतल्या राखणदार पेशी पाहतो. फांद्या पसरून त्या शेजारणींना हळूच चाचपतात आणि मला तुझा सोन्या दिसू लागतो, बुचांची रांग लावून एकेका बुचाला बोट लावणारा.

काही स्वमग्न माणसांच्या मेंदूत या पेशी जास्त चेतलेल्या, दाह असल्यासारख्या आढळतात. परवा मी तावातावाने म्हणालो, "गुन्हेगार सापडले." आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हसल्या. "वक्ते, आगीपाशी बंब दिसला, म्हणून आग बंबानेच लावली का?" मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

तेव्हा ठासून सांगतो. गरोदरपणातल्या तुझ्या तापानेच सोन्या असा झाला, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही, मग ते ठरवणाऱ्या तुझ्या सासूबाई कोण? त्या म्हणतात तो दाह उतरवणारा काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

भावजींचा खोकला थांबला का? तू झोपतेस ना?

सोबत इथल्या बाटलीचं एक निळं बूच धुऊन पाठवतोय. रांगेत त्याची जागा सोन्याच ठरवेल. त्याने बोट लावलं की मला इथे कळेल.

तुझाच,
दादा