एडनाच्या तोंडचं वाक्य

मी, क्लिफर्ड एन्टविसल, वय चौऱ्याहत्तर, राहणार नऊ नंबर, टॅनर्स रो, बर्नली, लँकेशायर, आधी खिडक्या पुसणारा आणि नंतर कादंबरीकार, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. लंडनच्या समीक्षकांनी माझ्या बुद्धीविषयी वेगळं मत छापलं आहे. पण त्यांतला एकही डॉक्टर नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहतं घर भाची विनिफ्रेड हिला. 'येथे लेखक राहत होता' अशी पाटी लावू, असं नगरपालिका म्हणाली तर तिने नको म्हणावं. अजून कोणी विचारलेलं नाही, पण तयारी असावी.

२. शिडी, बादली आणि फडकी सध्या गल्लीतल्या खिडक्या पुसणाऱ्या सिडला. अट एकच: काम करताना शीळ घालावी, म्हणजे आतल्या माणसांना कळतं. मी घालत नसे. माझं सगळं साहित्य त्या न घातलेल्या शिळेतून आलं.

३. माझ्या अकरा कादंबऱ्यांपैकी दहांचे गठ्ठे माळ्यावर आहेत. त्यांनी घरात ऊब टिकते, हलवू नयेत.

४. उरली 'गिरणीमागची गल्ली', १९५७. तिच्यातलं एक वाक्य गाजलं. नवरा बॅग भरून कायमचा निघतो, तेव्हा बायको म्हणते, "जातोस तर जा, पण दार ओढून घे. कोळसा महाग झालाय." समीक्षकांनी लिहिलं, कष्टकऱ्यांचा आवाज सापडला. सापडला खरा, चौदा नंबरच्या स्वयंपाकघराबाहेर, शिडीवर. बोलणारी होती एडना ग्रिमशॉ. नवरा कॅनडात कामाला गेलाय, असं ती गल्लीला सांगत होती. पुस्तक आलं आणि तळलेल्या माशांच्या दुकानात पोरं ओरडू लागली, "एडनाकाकू, दार ओढून घ्या!" तेव्हापासून तीस वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. म्हणून या पुस्तकाचे सर्व हक्क एडनाला द्यावेत आणि पुढच्या आवृत्तीवर तिचं नाव माझ्या आधी छापावं.

हे कलम वकील हार्टले यांनी काल तिला वाचून दाखवलं. आज सही व्हायच्या आत ती स्वतः आली. कोटसुद्धा काढला नाही.

"क्लिफ, आधी बोलणं चोरलंस, आता नावही छापतोस?"

"अगं, तुझं तुला परत करतोय."

"परत? देशभर फिरवून आणल्यावर? आणि हे वकील कशाला बसलेत?"

"एक साक्षीदार मी, बाई. दुसऱ्याची वाट बघतोय," हार्टले म्हणाले. "विनिफ्रेड चालत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग द्या इकडे ते पेन."

तेव्हा कलम चार निष्फळ होणार. हार्टले म्हणतात, खोडा. मी खोडत नाही. हक्क जवळची वारस म्हणून विनिफ्रेडला जातील. एडनाचं नाव कुठेही छापू नये.

मी हे लिहितोय तोवर तिने चष्मा लावून आधीची पानं ओढून घेतली. हार्टले म्हणाले, "साक्षीदाराने फक्त सही होताना बघायचं असतं, बाई. वाचायची गरज नाही."

"गप बसा हो. याचं एक अक्षर मी आजवर वाचलेलं नाही."

दोघांच्या देखत सही करतो.

क्लिफर्ड एन्टविसल
बर्नली, १९ मार्च १९८७

साक्षीदार:
१. आर. हार्टले, वकील
२. एडना ग्रिमशॉ, चौदा नंबर. सगळं वाचलं. मी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते.