पाव्हण्याला दह्यातली भेंडी करायला लावली त्याची हकिकत

शकिला,

नागुबाईचा लातूरहून तुला सलाम आन तुझ्या घरच्यांना जयभीम. (उलट पायजे असंल तर उलट करून घे.) माझी तब्येत बरी हाय. तुझी कशी हाय ते कळव, पण गुडघे सोडून कळव. गुडघ्याचं मागच्या पत्रात दोन पानं वाचलं, पाठ झालं. सून नीट वागते का? न्हाई वागत असंल तर तुझंच काहीतरी चुकत असंल, मी तिला पाहिलेली हाय. फोनच केला असता, पण तुझ्या घरी फोन आला की तू तो मोठ्या आवाजावर टाकतीस आन अर्धं उमरी गाव ऐकतं. म्हणून पत्र. अक्षर माझंच हाय, चौथीपस्तोरचं हाय, तेवढ्यात भागव.

मी नातीकडं येऊन राहिले ते हवा बदलायला न्हाई. इथली हवा म्हणजे डाळमिलाचा भुसा आन ऑटोचा धूर, भोकरची काय वाईट होती? झालं असं, आमच्या ज्ञानोबाच्या लुंबिनीनं स्वतःच एक पोरगं पसंत केलं. ती यष्टीत कंडक्टर झाल्यापासून सगळं स्वतःच करते. पोराचं नाव आनंदराज, डाळमिलात मशीन बघतो. ज्ञानोबा मला म्हणला, आई, तू जाऊन बघ, तू हो म्हणलीस तर लगीन, न्हाई म्हणलीस तर विषय संपला. (स्वतःच्या अंगावर काही घ्यायचं न्हाई, ही सवय त्याच्या बापाची.) तर पोरीचं लगीन सगळं माझ्या एका जिभेवर येऊन बसलं, आन माझी जीभ तुला म्हाईत हाय.

आता पोरगं बघायचं म्हणजे काय बघायचं? पोरगी बघायची रीत हाय. ती चालते कशी, बोलते कशी, हातचे पोहे कसे लागतात. मागं एक पाव्हणे आले होते, त्यांनी लुंबिनीला भाकर थापून दाखव म्हणलं. ती म्हणली, मामा, तिकीट काढून दाखवते, कुठं जायचं बोला. ते उठून गेले, पोहे मात्र संपवून गेले. पोराची तशी काही रीतच न्हाई. तो येतो, सोफ्यावर बसतो, पगार सांगतो, झालं. मी म्हणलं, आपण रीत पाडू. ह्याला रांधायला लावू.

रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट, केसाला पाणी, हातात पेढ्याचा पुडा. पाया पडायला वाकला तर मी म्हणलं, पुडा ठेव आन हात धू, दह्यातली भेंडी करायची हाय. तो म्हणला, आजी, मला वरणभात येतो. मी म्हणलं, वरणभात मलाबी येतो, बस. तू म्हणशील ही भाजीच कामून? अगं, माणूस कसा हाय ते दह्यातल्या भेंडीत दिसतं. भेंडी जास्त ढवळली की चिकट होते, म्हणजे ज्याला गप बसवत न्हाई तो तिथं सापडतो. दही मोठ्या आचेवर फुटतं, म्हणजे ज्याला घाई हाय तो तिथं सापडतो. मीठ आधी पडलं तरी दही फुटतं, ते सगळ्यात शेवटी टाकायचं, म्हणजे ज्याचा हात आधीच चालतो तोबी सापडतो. असं मी त्याला समजावून सांगितलं. तो मान डोलवून ऐकत राहिला, जसं मी मशीनचंच सांगून राहिले.

लुंबिनीला मी दाराशी बसवलं आन तोंड उघडू नको म्हणलं. तोंड तिनं उघडलं न्हाई, खोकला मात्र सुरू झाला. पोरानं गॅस मोठा केला की खोकला, आन लगेच गॅस बारीक. तेल कमी घातलं की दोन खोकले, आन पळीभर तेल आणखी. मी काय आंधळी हाय? उठले, अडुळशाचा काढा उकळला आन ग्लासभर तिच्या हातात दिला. खोकला जागच्या जागी बरा झाला.

गॅस पेटवायच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली, पोरानं भेंडी आधी कापली आन मग धुतली. शकिला, तू असतीस तर रडली असतीस. सगळ्या ओट्यावर तार सुटली. मी काही बोलले न्हाई. (खरंच न्हाई बोलले, लुंबिनीला विचार.) तर तो काय करतो, एकेक चकती फडक्यानं टिपतो आन परातीत मांडून पंख्याखाली वाळत घालतो. घरमालक बसलिंगप्पा खिडकीतून डोकावला आन विचारून राहिला, आजी, हिरव्या कुरडया कधीपासून घालायला लागलात? मी म्हणलं, नवीन निघाल्यात, तुमच्या घरी अजून यायच्यात. भेंडी मात्र चांगली परतली पोरानं. हात लावला न्हाई, उगं हलवली न्हाई, कडा तांबूस होऊस्तोर तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. दही घुसळलं, त्यात बेसन, हळद, तिखट, धनेपूड. गुठळी न्हाई. लसणाची फोडणी दिली तर बसलिंगप्पा खिडकीतून हालंना.

इथवर बरं चाललं होतं, आन तेच मला सोसंना. मी नुसती बसून बघणारी बाई न्हाई. पोरगं कढीपत्ता घ्यायला वळलं, दह्याचं पातेलं माझ्यासमोर, मिठाचा डबा हाताशी. हात गेला. चिमूटभर म्हणून गेला आन मूठ होऊन आला. मग दही फोडणीत पडलं, ढवळता ढवळता फुटलं, पाणी एकीकडं आन दही दुसरीकडं, नवराबायको भांडून बसतात तसं. मी लगेच आवाज चढवला, फोडलंस ना! म्हणलंच होतं, घाईचा माणूस!

त्यानं गॅस बंद केला, हात पुसले आन शांतपणानं म्हणला, आजी, दह्यात मीठ तुम्ही टाकलं. वर म्हणतो, समोरच्या चकचकीत स्टीलच्या डब्यात तुमचा हात मला आरशासारखा दिसला.

शकिला, दारातली लुंबिनी उठून उभी राहिली, खिडकीतला बसलिंगप्पा गायब. ह्या घराण्यात मला तोंडावर असं कुणीच बोललं न्हाई. ज्ञानोबाच्या बापानं एकदा बोलायचा बेत केला होता, पण तो बेत तसाच राहून गेला. मी म्हणलं, टाकलं. मग? तो म्हणला, मग काही न्हाई, आता सगळे मिळून खाऊ. आन त्यात भेंडी सोडली, ताटं घेतली, मला आधी वाढलं. मिठाच्या डब्याकडं बोट दाखवलं न्हाई, तोंड वाकडं केलं न्हाई, खारट मात्र खारटच म्हणला. भाकरीबरोबर मी तीनदा घेतली. फुटलेलं दही भेंडीला कसं बसलं होतं म्हणून सांगू!

जाताना चप्पल घालता घालता म्हणतो, आजी, पुढच्या रविवारी माझी आई येणार हाय बोलणी करायला. तिला दह्यातली भेंडी जीव की प्राण. तुम्ही करा, आम्ही बसून बघतो. मीठ कुणी टाकणार न्हाई, शब्द देतो. मी म्हणलं, करते की! त्यात काय!

बाकी सगळं ठीक. लेकरांना पापे, सुनेला आशीर्वाद, तुला काही न्हाई, तुझं वय झालं.

तुझी
नागुबाई
(सध्या लातूरलाच)

ता.क. हसून राहिलीस ना? हस. मला दह्यातली भेंडी येत न्हाई, हे तुझ्याइतकं कुणाला म्हाईत हाय? आजवर खाल्ली ती तुझ्याच घरची, आन वर भेंडीचं जे शहाणपण लिहिलं ते तुझ्या चुलीशेजारी बसून ऐकलेलं. तर शनिवारी ये. पाव्हण्यांना सांगू, डोळे दाखवायला आली. आतल्या खोलीत भाजी तू कर, पळी हातात धरून बाहेर मी येईन. आन लुंबिनीच्या गाडीत बसू नको, तिला तिकिटासकट कळंल.

आणखी ता.क. पाकिटाला डिंक शोधायला उठले तेवढ्यात लुंबिनीनं पत्र वाचलं. पोट धरून हसली. म्हणते, आजी, तुला ती भाजी येत न्हाई हे आनंदराजला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. म्हणून तर तो तुम्ही करा म्हणला. बघ शकिला, पोरगं किती पक्कं निघालं! ज्ञानोबाला आत्ताच होकार कळवला, असलं माणूस दुसऱ्यांच्या घरात जाऊ देणं बरं न्हाई. तरी तू शनिवारी येच. त्याला कळलंय, त्याच्या आईला अजून कळलेलं न्हाई.