दोन मिलिमीटरच्या सुया

१२ फेब्रुवारी
सापडलं! बंद खाणीच्या दुसऱ्या बोगद्यात, उजव्या भिंतीवर, कमरेइतक्या उंचीवर. फिकट गुलाबी सुया, पंख्यासारख्या पसरलेल्या. सर्वांत लांब दोन मिलिमीटर — भिंगाखाली मोजली. तिथल्या मूळ दगडात आर्सेनिक आहे. खोदकामाने त्याला हवा लागते, पाणी झिरपतं, आणि वर्षानुवर्षांनी भिंतीवर हे नवं खनिज धरतं. सगळं एकाच तळहाताएवढ्या तुकड्यावर होतं. छिन्नीने अख्खा काढून आणला.
जागा मेहुण्याने दाखवली, हे खरं. बावीस वर्षं तो त्या खाणीत राबला. पण ओळखलं मी!

१३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या बाईंना फोटो पाठवला. 'फार दुर्मीळ दिसतंय. तुकडा आहे तसाच पाठवा.' कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला हे उत्तर!

१५ फेब्रुवारी
सुयांच्या बुडाशी चुन्याचा पांढरा थर. असा गबाळा नग मी पाठवणार? मेहुणा म्हणाला, "राहू द्या की, दाजी. बाईंनी आहे तसाच मागितलाय ना?"
म्हटलं, "तू खणायचं काम कर, मला शिकवू नकोस."
हसला बिचारा.
तो गेल्यावर पातळ आम्लात बुडवला. नेहमीसारखा. चार मिनिटं.
थर गेला. सुयाही गेल्या.
ही खनिजं आम्लात टिकत नाहीत — माझ्याच वहीत आहे, माझ्याच अक्षरात!

१६ फेब्रुवारी
पुन्हा बोगद्यात जाऊन आलो. सगळ्या भिंती पाहिल्या. एक सुई नाही.

१७ फेब्रुवारी
बाईंना कळवलं : मेहुण्याच्या हातून पाण्याच्या बादलीत पडला, सुया विरघळल्या.
लिहून टाकलं. तेही एका दमात, याचंच आता वाईट वाटतंय.

२१ फेब्रुवारी
बाई म्हणतात, 'उरलेला दगड तरी पाठवा.' मेहुणा त्याच बाजूला निघाला होता. खोका त्याच्याच हाती दिला.
"काळजी नको, दाजी. मांडीवर धरून बसतो."
खरं सांगायला दारापर्यंत गेलो. "सांभाळून ने," एवढंच म्हणालो. आत आलो तर ही विचारते, "माझ्या भावाशी भांडलात काय? तोंड का असं?"

२ मार्च
बाईंचं पत्र. 'पाण्याने नव्हे, दगडावर आम्लाच्या खुणा आहेत. तुमच्या मेहुण्यांना विचारलं. त्यांनी दगड पुन्हा हातात घेऊन पाहिला, मग म्हणाले, "मीच धुतला, दाजींना ठाऊक नाही." नवख्या माणसाकडून होतं असं. त्यांना रागावू नका.'