न बुजवलेली भोकं

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचा कामावर! आठ महिने घरी बसून सासरेबुवांचे टोमणे ऐकले, आता कान जरा विश्रांती घेतील. माती परीक्षणाचं माझं जुनंच काम, फक्त कंपनी नवी. खोली तपासणीच्या मैदानाच्या कडेलाच मिळाली आहे. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. शनिवारी ही आणि चिमणी आल्या की झालं. चिमणी चार वर्षांची. खिडकीतून बाबांचा ट्रक दिसणार म्हणून आत्ताच नाचते आहे म्हणे.

ट्रक मामा चालवतात. ते कुणाचेच मामा नाहीत, पण मोठे साहेबही त्यांना मामाच म्हणतात. काम साधं आहे. वीस टनांचा ट्रक जागेवर टेकवायचा आणि त्याच्या वजनाच्या जोरावर लोखंडी शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर या चालीने जमिनीत दाबत न्यायचा. मीटरभर गेला की वर नवा दांडा जोडायचा. माती टोकाला किती विरोध करते, आतल्या पाण्याचा दाब किती, ते पडद्यावर रेघेने उमटत जातं. त्यावरून इमारतीचा पाया ठरतो. शेवटी शंकू काढून घ्यायचा आणि अंगठा जाईल एवढं जे भोक उरतं ते सिमेंटच्या पातळ काल्याने बुजवायचं.

मामा बुजवत नाहीत. मऊ चिखल आहे, आपोआप मिटतं, बुजवत बसलो तर दिवसाला दोन भोकं कशी व्हायची, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी वाद कशाला? मी नोंदवहीत दोन्ही भोकांपुढे ‘बुजवले’ लिहिलं आणि सही ठोकली.

मंगळवार, ५ तारीख

चौथ्या भोकात गंमत झाली. चौदा मीटरवर रेघ एकदम शून्यावर आली. चिखल कितीही मऊ असला तरी थोडा तरी विरोध करतोच. इथे काहीच नाही. पाण्याचा दाबसुद्धा नाही. मामांनी केबलला शिव्या घातल्या. शंकू बदलून शेजारीच पुन्हा दाबला. पुन्हा चौदा, पुन्हा शून्य.

हिचा फोन आला होता. सगळं झकास चाललंय म्हणून सांगितलं.

बुधवार, ६ तारीख

पाचवं भोक माझ्या खोलीच्या बाजूला वीस पावलं सरकून घेतलं. पोकळी अकरा मीटरवर. सहावं आणखी अलीकडे, पोकळी आठवर. जमीन आपल्याला भेटायला वर येतेय बघा, असं मामा म्हणाले. आम्ही दोघेही हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

शंकू तिथेच थांबवून दाब बघत बसलो. आता दाब होता. रिकाम्या जागेत दाब कुठून आला? मामा चहा आणायला उतरले, तर त्यांच्या प्रत्येक पावलाला रेघ वर उडी मारत होती. ते थांबले की खाली बसायची. मी त्यांना तीनदा चालायला लावलं, तीनदा थांबवलं. ते पार फाटकापर्यंत गेले तरी तेच. वीस टनांच्या ट्रकखाली एका माणसाचं पाऊल कळायला नको. खाली काहीतरी ऐकतंय. मला भीती वाटते आहे, हे इथे तरी खरं लिहितो.

गुरुवार, ७ तारीख

एकही भोक मिटलेलं नाही. कडा ओल्या, गुळगुळीत. वर हात धरला तर आतून उबदार वारा लागतो. येतो. थांबतो. परत येतो.

मीच मामांना म्हटलं, आजच्या आज बुजवू. सहाव्या भोकाला अर्धी बादली पुरे व्हायला हवी होती. बावीस ओतल्या. मी पुढची गोणी उचलायला वळलो. चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज झाला. मागे पाहिलं तर बादली उभी, मामा नाहीत. माती कुठे फाटलेली नाही, पाऊल कुठे उमटलेलं नाही.

ते भोक मात्र मिटलं होतं.

शुक्रवार, ८ तारीख, सकाळ

मोठे साहेब फोनवर म्हणाले, मामा आधीही असेच पळून गेलेत, सातवं भोक तुम्हीच उरका. मी हो म्हटलं. न बुजवलेल्या भोकांवर सह्या माझ्या आहेत – काय तोंडाने बोलणार?

सातवं माझ्या खोलीच्या भिंतीलगत. एकट्याने दाबलं. दीड मीटर. शून्य.

हिला फोन लावतोय. येऊ नका म्हणून सांगायचंय. उचलत नाही –

दुपार

ट्रकमधून उतरून खोलीत आलो तर – दोघी खाटेवर. एक दिवस आधीच आल्या. मला चकित करायला. प्रवासाने दमून गाढ झोपल्यात.

खुर्चीपर्यंत चार पावलं टाकली. चौथ्याला फरशी खाली दबली. गरम आहे. आता पाय वर घेऊन बसलोय. दबलेली फरशी हळूहळू वर येते – खाली जाते –

हाक मारली तर दचकून खाली उतरतील. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितो. ही जागी झाली की दाखवीन.

पाय खाली ठेवू नकोस. आवाज करू नकोस. चिमणीला घट्ट धर.

कूस बदलली. ही नव्हे. चिमणी –

डोळे उघडले. मी वही दाखवतोय. तिला वाचता कुठे येतं.

ओठांवर बोट ठेवलं. तिला खेळ वाटतोय. हसतेय. तिनेही ठेवलं.

खाटेच्या कडेला सरकली. मी मान हलवतोय – नको – नको बाळा – दोन्ही हात पसरलेत तिने, माझ्याकडे

एक पाय