पिल्लांची खेप

तीर्थरूप बाबा, लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. तुमचे गुडघे कसे आहेत?

मी प्रवासी विमान चालवतो, असं तुम्ही अजूनही सगळ्यांना सांगता म्हणे. ताई बोलली. बाबा, मी माल वाहतो. काल मागे कोंबडीची पिल्लं होती, खोकीच्या खोकी. चिवचिवाटानं डोकं उठलं म्हणून कॅप्टननं मला मागचा हीटर बंद करायला सांगितलं. मी केला. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. थोड्या वेळानं मागे सगळं गप्प झालं. "बघ, माल कधी तक्रार करत नाही," म्हणून तो हसला. मीही हसलो.

आता कुणी विचारलंच, तर खुशाल सांगा, सगळे प्रवासी शांत झोपले होते.

तुमचा आणि त्याचाही आज्ञाधारक,
धाकटा